यंत्रशाळा आणि तिची खबर

विद्यापीठाच्या संगणक केंद्राने स्वतःचे छापील वार्तापत्र काढावे काय, आणि काढायचे ठरले तर ते कसे असावे, हा आजचा विषय आहे. विषय वरवर पाहता लहान आहे. शिवाय तो विद्यापीठाच्या कुंपणाच्या आतला; त्याच्याशी गावातल्या माणसांचा काय संबंध, असेही कोणाच्या मनात येईल. परंतु श्रोतेहो, आज आपल्या मुलामुलींचे प्रवेश, परीक्षेचे अर्ज, निकाल, गुणपत्रके, शिष्यवृत्त्या ही सारी कोठल्या ना कोठल्या संगणकातून जातात. तो नीट चालला तर त्याची कोणाला आठवणही होत नाही. तो अडला म्हणजे मात्र जत, विटे, दहिवडी, पाटण अशा ठिकाणचा विद्यार्थी सकाळची एस. टी. पकडून खिडकीशी येऊन उभा राहतो आणि आतून उत्तर येते, "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." काय बिघडले, का बिघडले, उद्या खरोखरच सुरू होणार का, आणि मधल्या काळात अर्जाची मुदत टळली तर काय, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या चार-पाच शब्दांत नसते. ते उत्तर देणारा कागद म्हणजे संगणक केंद्राचे वार्तापत्र, असे माझे म्हणणे आहे.

आधी संगणक केंद्राचे काम काय ते पाहू. ते तीन प्रकारचे असते. पहिले, यंत्रे चालू ठेवणे: मुख्य यंत्रे, त्यांची वीज, त्यांना थंड ठेवण्याची व्यवस्था आणि इमारतीइमारतींतून गेलेल्या तारा. दुसरे, त्या यंत्रांवरच्या सोयी सांभाळणे: विद्यार्थ्याचे खाते, त्याचा पासवर्ड, त्याच्या कागदांची साठवण, परीक्षा विभागाच्या व ग्रंथालयाच्या आज्ञावल्या. तिसरे काम शिकविण्याचे व सांगण्याचे. पहिली दोन कामे यंत्राशी आहेत, तिसरे माणसाशी. पहिल्या दोहोंकरिता जाणकार माणसे नेमली जातात, त्यांना पगार असतो, त्यांच्या कामाची मोजणी होते. तिसरे काम बहुधा दारावर चिकटविलेल्या सूचनेवर भागविले जाते. यंत्र जाणणारा आणि यंत्र वापरणारा यांच्यामधले अंतर या तिसऱ्या कामाच्या हयगयीमुळे वाढत जाते.

हे अंतर आपल्या मुलखाला नवे नाही. शंभर वर्षांपूर्वी लोखंडी नांगराच्या निमित्ताने ते येथे दिसले होते. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांनी बेळगावास सायकलींच्या दुकानापासून आरंभ केला आणि कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर करावयास घेतले. नांगर चांगला होता. पण लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत शेतकऱ्यांत होती, आणि पहिले नांगर खपेनात. पुढे बेळगाव सोडावे लागले, तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना आपल्या राज्यात बोलाविले. १९१० साली कुंडल रोड स्थानकाजवळच्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसली. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे आणि किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात. १९४९ साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला व १९६० साली त्याचेच नाव सांगली झाले, हे आपणांस ठाऊकच आहे. तेव्हा ही हकीकत दोन्ही जिल्ह्यांच्या सामाईक मालकीची आहे.

कारखाना उभा राहिला, माल तयार होऊ लागला, तरी शेतकरी दूर आणि कारखाना दूर, ही अडचण राहिलीच. किमतीचे पत्रक पाठविले म्हणजे किंमत कळते. पण वस्तू कशी वापरावी, ती आपल्या जमिनीला चालेल का, मोडली तर काय करावे, हे कळत नाही. १९२० साली लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर यांनी 'किर्लोस्कर खबर' हे छोटे नियतकालिक काढले. कारखान्याच्या व मालाच्या वार्ता आणि गिऱ्हाइकांना उपयोगी पडेल अशी माहिती हे त्याचे मूळ प्रयोजन. अशा प्रकारची पत्रे परदेशांत कारखानदारांनी आधीपासून काढली होती. अमेरिकेत फोर्ड मोटार कंपनी १९०८ पासून 'फोर्ड टाइम्स' प्रसिद्ध करीत होती. पण एका लहान संस्थानातल्या माळावरून, मराठीत, शेतकऱ्यापर्यंत जाणारे असे पत्र निघणे ही त्या काळी धाडसाचीच गोष्ट होती.

'खबर' यशस्वी का झाली, याची दोन कारणे मला दिसतात. पहिले कारण संपादकाचे. शंकररावांनी चित्रकलेचे शिक्षण घेतले होते आणि कारखान्याच्या जाहिरातींचे काम ते पाहत होते. कारखान्यात काय चालते ते त्यांना आतून माहीत होते, आणि बाहेरच्या माणसाला ते कसे दाखवावे हेही कळत होते. पुढे ना. धों. ताम्हनकरांसारखे, म्हणजे 'गोट्या' लिहिणारे, लेखक किर्लोस्करवाडीच्या संपादन विभागात काम करीत होते. यंत्राच्या शेजारी लेखणीला मानाची जागा मिळाली, ही त्यातली महत्त्वाची बाब. दुसरे कारण छपाईचे. कारखान्याचा स्वतःचा छापखाना वाडीत होता. अंक वेळेवर काढणे स्वतःच्या हाती होते. आणि नियतकालिकाची अर्धी अब्रू वेळेवर निघण्यात असते.

'खबर' पुढे फार वाढली. नावातला 'खबर' शब्द गळून 'किर्लोस्कर' राहिले. १९३० साली 'स्त्री' व १९३४ साली 'मनोहर' ही भावंडे निघाली, आणि मराठी समाजाच्या विचारांवर या मासिकांनी मोठा परिणाम केला. मराठी वाचकाचा यात लाभच झाला. मात्र आपल्या विषयाच्या दृष्टीने येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मासिक झाल्यावर ते वार्तापत्र राहिले नाही. ज्याला नांगराचीच माहिती हवी त्याला ती दुसरीकडे शोधणे भाग पडले. संगणक केंद्राने 'खबरी'चे पहिले पाऊल घ्यावे; तिच्या पुढच्या वाटेने जायचे की नाही ते फार सावधपणे ठरवावे.

आता संगणकाच्या जगात अशी पत्रे कशी निघाली ते पाहू. १९४९ साली अमेरिकेच्या नौदल संशोधन कार्यालयाने 'डिजिटल कॉम्प्युटर न्यूजलेटर' सुरू केले. त्या वेळी जगातले चालते संगणक बोटांवर मोजण्याइतके होते. कोठे कोणते यंत्र बांधले जात आहे, काम कोठवर आले, ही वार्ता देणे एवढाच त्या पत्राचा उद्देश. त्यातली कित्येक यंत्रे आज मोडीतही शिल्लक नाहीत. पण त्यांचा इतिहास लिहिणाऱ्याला या साध्या पत्राचे अंक उघडावे लागतात. काढणाऱ्यांना आपण इतिहास लिहीत आहोत असे वाटलेही नसेल. तारीख घालून छापलेल्या कागदाचा हा गुण आहे.

पुढची पायरी वापरणाऱ्यांची. एका यंत्रासाठी आज्ञावली लिहिणे महिनोन् महिन्यांचे काम असे, आणि तीच आज्ञावली दहा ठिकाणी दहा जण वेगवेगळी लिहीत बसत. हा अपव्यय थांबविण्यासाठी १९५५ साली आय. बी. एम. कंपनीचे ७०४ हे यंत्र घेणाऱ्या संस्थांनी 'शेअर' नावाचा संघ काढला आणि एकमेकांना आज्ञावल्या व टिपणे टपालाने पाठविण्यास सुरुवात केली. १९६१ साली डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या यंत्रांचे वापरकर्ते एकत्र आले आणि पुढच्याच वर्षी त्यांचे 'डेकसस्कोप' हे वार्तापत्र निघाले. १९७५ साली न्यूयॉर्कचे प्राध्यापक मेल फेरेंट्झ यांनी 'युनिक्स न्यूज' काढले. युनिक्स ही बेल प्रयोगशाळेत जन्मलेली, संगणकाचा सारा कारभार पाहणारी प्रणाली. नावाबद्दल मालक कंपनीकडून हरकत आली, तेव्हा दोन वर्षांनी पत्राचे नाव बदलून 'लॉगिन' ठेवले, म्हणजे दारावर आलेल्याला 'आपण कोण?' असे विचारताना यंत्र जो शब्द दाखविते तो. या सर्व पत्रांत एक गोष्ट समान होती. ती यंत्र विकणाऱ्याने आपल्या मालाची स्तुती करण्यासाठी काढलेली नव्हती. वापरणाऱ्याची अडचण हाच त्यांचा मुख्य मजकूर.

आपल्याकडे १९६३ साली कानपूरच्या आय. आय. टी.मध्ये आय. बी. एम. १६२० हा संगणक आला. १९६४ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सी. डी. सी. ३६०० हा त्या काळचा मोठा संगणक बसला आणि बाहेरच्या संस्थांनाही त्याचा उपयोग होऊ लागला. १९६५ साली कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली, तिचे मूळही वापरणाऱ्यांच्या मेळाव्यातच होते. त्या दिवसांत वापरणारा यंत्राजवळ जातच नसे. आपले गणित तो भोके पाडलेल्या पत्त्यांवर उतरवी, पत्त्यांचा गठ्ठा खिडकीतून आत देई, आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, उत्तराचा कागद परत घेई. एका पत्त्यावर एक चिन्ह चुकले तर दिवस फुकट जाई. अशा स्थितीत केंद्राचे वेळापत्रक बदलले, भाषांतर करणारी आज्ञावली नवी आली, एखादे जुने यंत्र काढून टाकायचे ठरले, तर हे वापरणाऱ्याला आधी कळणे अत्यावश्यक होते. देशोदेशींच्या विद्यापीठांतील संगणक केंद्रांनी कधी सायक्लोस्टाईल करून, कधी छापून जी पत्रके काढली ती याच गरजेतून.

यावर एक आक्षेप स्वाभाविकपणे येतो. तो काळ गेला. आज प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, सूचना क्षणात पोहोचते. मग कागद कशाला? आक्षेप योग्य आहे आणि त्याला उत्तरही दिले पाहिजे. घाईची सूचना फोनवरच द्यावी. 'आज दुपारी दोन ते चार सेवा बंद' हे छापून वाटण्यात काही अर्थ नाही. परंतु फोनवरची सूचना वाहून जाते. तिच्यामागून शंभर सूचना येतात, आणि आठवड्याने 'मागच्या महिन्यात नेमके काय सांगितले होते?' असे विचारले तर सांगणाऱ्यालाही ती सापडत नाही. दुसरे असे की, जे यंत्र बंद पडले आहे त्याच यंत्रावर त्याच्या बंद पडण्याचा खुलासा ठेवणे म्हणजे कुलूप लागलेल्या खोलीत किल्ली ठेवण्यासारखे आहे. तिसरे, केंद्राची सूचना ज्याचे केंद्रात खाते आहे त्यालाच पोहोचते. ज्याला खाते कसे उघडावे हेच माहीत नाही तो, आणि त्याचे आईबाप, बाहेरच राहतात. सूचनाफलकावर टाचलेला, वसतिगृहाच्या मेजावर पडलेला, घरी नेलेला कागद त्यांच्यापर्यंत जातो.

आणखी एक कारण आहे, आणि मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. घरातला पहिलाच पदवीधर होऊ पाहणारा मुलगा किंवा मुलगी केंद्रात प्रश्न विचारावयास बिचकते. 'एवढेही येत नाही?' असे कोणी म्हणेल ही भीती असते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली ती अशाच मुलांसाठी. आणि २०२१ साली साताऱ्यात त्यांच्या नावाचे विद्यापीठ स्थापन झाले आहे. याच कर्मवीरांनी काही काळ किर्लोस्करांचे नांगर विकण्याचे काम केले होते, हे सहज आठवते. नवे यंत्र दाखवून लोकांची भीती घालविणे आणि लोकांना शाळेत आणणे, ही कामे त्यांनी एकाच आयुष्यात केली. लाजेने न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर एकांतात वाचावयास देणे, हे वार्तापत्राचे खरे शिक्षणकार्य आहे.

मग अंकात काय असावे? माझ्या मते चार पाने पुरेत. ए-३ आकाराचा एक कागद मध्ये दुमडला की चार पाने होतात; टाचणी लागत नाही, बांधणी लागत नाही. पाने वाढवायची तर चाराच्या पटीतच वाढतात, म्हणून मोह आवरणे सोपे जाते.

पहिले पान बिघाडाचे व बदलाचे. गेल्या महिन्यात काय बंद पडले, किती वेळ, कोणाची कामे अडली, कारण काय सापडले, ते पुन्हा होऊ नये म्हणून काय केले आणि वापरणाऱ्याने आता काय करावे, एवढे सहा प्रश्न घ्यावेत व प्रत्येकाला एकदोन वाक्यांत उत्तर द्यावे. समजा, साठवणीची तबकडी भरल्यामुळे अर्ज स्वीकारले गेले नाहीत. तर 'तांत्रिक कारणास्तव' हे दोन शब्द लिहून मोकळे होऊ नये. साठवण भरली, तिच्यावर लक्ष ठेवणारी सूचना चालू नव्हती, ती आता चालू केली आहे आणि अमुक दिवशी ज्यांनी अर्ज भरले त्यांनी आपली पोच तपासून पाहावी, असे लिहावे. असे लिहिल्याने केंद्राची अब्रू जाते, ही समजूत चुकीची आहे. दवाखान्यात रोगाचे नाव न सांगणाऱ्या वैद्यापेक्षा सांगणाऱ्यावर रोग्याचा विश्वास अधिक बसतो.

दुसऱ्या पानावर एक धडा असावा, एकच. नमुन्यादाखल एक विषय सांगतो. आपल्यापैकी कित्येकांनी हे अनुभवले असेल की, छापखान्यात जुळवलेला मराठी मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडला की पडद्यावर रोमन अक्षरांचा अर्थहीन गोंधळ दिसतो. मजकूर बिघडला असे समजून माणसे तो पुन्हा टंकलिखित करीत बसतात. वस्तुतः घडते ते असे. संगणक अक्षर साठवीत नाही, अक्षराचा क्रमांक साठवितो. रोमन मोठ्या 'ए'चा क्रमांक ६५. जुन्या मराठी फॉन्टांनी रोमन अक्षरांच्याच क्रमांकांवर देवनागरी आकार बसविले होते. फॉन्ट जवळ असेपर्यंत मराठी दिसते. फॉन्ट नसलेल्या यंत्रावर त्याच क्रमांकांची मूळ रोमन अक्षरे उमटतात. युनिकोड या जागतिक संकेतात १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला स्वतःचे क्रमांक आहेत. त्यात 'क'चा क्रमांक २३२५. तो जगातल्या कोणत्याही यंत्रावर 'क'च राहतो. तेव्हा जुना मजकूर टाकून देऊ नये. क्रमांकांचे रूपांतर करणारी साधने मिळतात, ती वापरावीत व मग मुद्रितशोधन करावे, कारण जोडाक्षरे व रफार येथे चुका राहतात. एवढा धडा अर्ध्या पानात बसतो. त्याने प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे, ग्रंथपालाचे आणि गावातल्या छापखान्याचेही कित्येक दिवस वाचतील.

तिसरे पान वाचकांच्या प्रश्नांचे. प्रश्न ज्या शब्दांत आला त्याच शब्दांत छापावा, विचारणाऱ्याचे नाव मात्र छापू नये. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला आहेच. पण कायदा नसता तरी, ज्याचा पासवर्ड चोरीला गेला त्याचे नाव छापणे शोभले नसते. प्रश्न येत नसतील तर खिडकीशी आठवडाभर वही ठेवावी आणि तेथे काय काय विचारले जाते ते उतरून घ्यावे. पहिल्या सहा अंकांचे साहित्य त्या वहीत मिळेल. चौथ्या पानावर पुढील महिन्याच्या तारखा, देखभालीसाठी सेवा बंद राहण्याच्या वेळा, वर्गांचे वेळापत्रक, आणि कोणत्या कामासाठी कोणत्या खिडकीशी जावे, हे एवढेच.

भाषा मराठी असावी आणि ती बोलण्यातली असावी. 'संकेतशब्द' लिहून कोणाला कळणार नसेल तर 'पासवर्ड' लिहावे. आणि 'साठवण' म्हणून कळत असेल तर तेथे इंग्रजी शब्द आणू नये. एक शब्द एकदा ठरला की तो सर्व अंकांत तोच ठेवावा. जाणकाराने लिहिलेला मजकूर छापण्यापूर्वी ज्याला विषय येत नाही अशा एका माणसाला, कार्यालयातल्या शिपायाला किंवा पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला, वाचावयास द्यावा. तो जेथे अडेल ते वाक्य पुन्हा लिहावे.

आता व्यवहाराचे काही बोलू. छपाईत प्लेटचा व जुळणीचा खर्च प्रती कितीही काढल्या तरी तोच असतो. म्हणून दोनशे प्रतींपेक्षा हजार प्रतींत दर प्रत स्वस्त पडते. याउलट थोड्याच प्रती लागत असतील तर केंद्राच्या स्वतःच्या प्रिंटरवर काढाव्यात. रंगीत छपाईची गरज नाही. पहिला अंक निघण्यापूर्वी तीन अंकांचे साहित्य तयार ठेवावे. कारण पहिला अंक उत्साहावर निघतो, दुसरा कष्टाने आणि तिसरा निघतच नाही, असा नियतकालिकांचा साधारण अनुभव आहे. मासिक झेपत नसेल तर त्रैमासिक काढावे, पण ठरल्या तारखेस काढावे. कायद्याचीही चौकशी करावी. १८६७ च्या जुन्या कायद्याची जागा १ मार्च २०२४ पासून २०२३ च्या नव्या कायद्याने घेतली असून नियतकालिकाच्या शीर्षकाची व नोंदणीची कामे प्रेस रजिस्ट्रार जनरलकडे संगणकावरून होतात. शास्त्रीय, तांत्रिक व विद्याविषयक नियतकालिके त्या व्याख्येतून वगळली आहेत. आपले पत्र कोणत्या बाजूस पडते हे कायदा जाणणाऱ्याकडून आधीच समजून घ्यावे.

वाटपाचाही विचार हवा. सांगलीचे वालचंद महाविद्यालय १९४७ चे, कऱ्हाडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० चे. १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाची महाविद्यालये दोन्ही जिल्ह्यांत पसरलेली. एका केंद्राचा अंक दुसऱ्याकडे गेला पाहिजे, म्हणजे एकाने सोडविलेली अडचण दुसरा पुन्हा सोडवीत बसणार नाही. 'शेअर' संघाने सत्तर वर्षांपूर्वी हेच केले. शिवाय प्रत्येक अंकाची एक एक प्रत गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांत ठेवावी. २०१९ च्या ऑगस्टातील महापुरात सांगलीच्या नगर वाचनालयात पाणी शिरून हजारो ग्रंथ भिजले, हे आपण विसरलेलो नाही. कागद टिकतो असे म्हणताना तो एकाच जागी ठेवला तर टिकत नाही, हेही ध्यानात धरावे. सांगलीची प्रत साताऱ्यात आणि साताऱ्याची सांगलीत असावी, आणि दोहोंची प्रतिमा संगणकावर असावी.

शेवटी, या सर्वांहून अवघड अशा एका गोष्टीविषयी. वार्तापत्र निघाले की त्यावर पहिला हक्क समारंभ सांगतात. उद्घाटनाची छायाचित्रे येतात, पाहुण्यांची भाषणे येतात, सत्कार येतात. आणि बिघाडाची बातमी 'या वेळी जागा नाही' म्हणून पुढच्या अंकावर जाते. दोन-तीन अंकांनी वाचक ओळखतो की यात आपल्यासाठी काही नाही, आणि मग अंकांचे गठ्ठे कपाटावर साठतात. हे टाळावयाचे असेल तर अंक सुरू होण्यापूर्वीच विद्यापीठाने दोन ओळींचा नियम लेखी करून द्यावा: पहिले पान बिघाडाचे व बदलाचे राहील, आणि त्यातील मजकूर खरा आहे की नाही एवढेच तपासले जाईल, तो शोभेल की नाही हे तपासले जाणार नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने जे उघड करणे धोक्याचे, ते दुरुस्ती होईपर्यंत थांबवावे. पण दुरुस्ती झाल्यावर छापावे. संपादकाला हे आश्वासन नसेल तर पत्र काढू नये. खर्च तेवढा वाचेल.

'खबर' या शब्दाला आपल्या बोलीत दोन छटा आहेत. खबर देणे म्हणजे वार्ता सांगणे, आणि खबर घेणे म्हणजे विचारपूस करणे. कधी कान उपटणेही. संगणक केंद्राने आपल्या वार्तापत्रात खबर द्यावी आणि वापरणाऱ्यांनी त्यातूनच केंद्राची खबर घ्यावी. तसे झाले तर खिडकीशी उभ्या असलेल्या त्या विद्यार्थ्याला 'उद्या या' या उत्तरावर परत जावे लागणार नाही. आणि जावेच लागले, तर निदान का जावे लागले हे त्याला ठाऊक असेल.